दोन काठ्या आणि एक डोळा

पहिलं महायुद्ध संपता संपता न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या मिनिओला गावी, अमेरिकी लष्कराच्या हवाई वैद्यकीय प्रयोगशाळेत, एक साधंसं यंत्र वापरात आलं. एक लांबट पेटी, तिला खिडकी, आत उजेड आणि त्या उजेडापुढे उठून दिसणाऱ्या दोन उभ्या काळ्या काठ्या. एक काठी जागची हलत नसे, दुसरीला दोऱ्या बांधलेल्या असत. वैमानिक होऊ पाहणाऱ्या तरुणाने 6 मीटर दूर बसायचं, दोऱ्या ओढून हलती काठी पुढेमागे सरकवायची आणि दोन्ही काठ्या सारख्याच अंतरावर आल्याशा वाटल्या की थांबायचं. मग परीक्षक पट्टीवर चूक वाचून घेई. ती 30 मिलिमीटरच्या आत असली तर उमेदवाराला अंतराची जाण आहे असं ठरे. नसली तर त्याचं विमान चालवणं तिथेच संपे. नेत्रवैद्य हार्वे हॉवर्ड यांनी 1919 साली या चाचणीवरचा लेख प्रसिद्ध केला. यंत्राच्या घडणीत पर्सी डॉलमन यांचा वाटा होता म्हणून ‘हॉवर्ड-डॉलमन चाचणी’ हे नाव रूढ झालं आणि पुढे कित्येक दशकं ती वैमानिकांच्या तपासणीत टिकून राहिली. चाचणी खोटी नव्हती. जे मोजत होती ते नेमकं मोजत होती. प्रश्न एवढाच की विमान जमिनीवर उतरवणाऱ्या माणसाला ज्या नजरेची गरज पडते, ती यात मोजली जात होती का? माझं उत्तर नकारार्थी आहे. वैमानिकाला खोलीचं भान येतं ते मुख्यतः त्याच्या स्वतःच्या गतीतून, आणि या चाचणीत तर काहीच धावत नव्हतं; ना बघणारा, ना जमीन.

आधी हॉवर्ड यांची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती लेचीपेची नव्हती. एक डोळा झाकून काठ्या जुळवायला सांगितल्या की तेच उमेदवार कित्येक पटींनी जास्त चुकत. म्हणजे दोन डोळ्यांमुळे काहीतरी मिळतं हे उघड होतं. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटीमीटरचं अंतर असतं. त्यामुळे दोघांना दिसणारी चित्रं किंचित वेगळी असतात आणि त्या वेगळेपणातून मेंदू खोली ताडतो. पण या सोयीची एक अट आहे. वस्तू जसजशी लांब जाते तसतसा दोन चित्रांतला फरक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. जो डोळा 6 मीटरवर 3 सेंटीमीटरचा फरक जेमतेम ओळखतो, तोच डोळा त्याच कुवतीने 30 मीटरवर पाऊण मीटरचा, 100 मीटरवर सुमारे 8 मीटरचा आणि 300 मीटरवर सुमारे 75 मीटरचा फरक ओळखू शकतो. चाचणीत जेमतेम उतरलेल्या वैमानिकाला धावपट्टीच्या अलीकडची तिनशे मीटरवरची झाडं आणि त्यामागे पन्नास मीटरवर असलेलं कुंपण, यांतलं अंतर केवळ दोन डोळ्यांच्या बळावर सांगता येणार नाही. आता त्याच्या विमानाचा वेग पाहा. ताशी 108 किलोमीटर, म्हणजे त्या काळच्या विमानालाही सहज साधणारा वेग धरला, तर ते सेकंदाला 30 मीटर सरकतं. वैमानिकाचा एकच डोळा एका सेकंदाच्या अवधीत दोन अशा जागांवरून जमीन पाहतो की ज्यांच्यातलं अंतर दोन डोळ्यांतल्या अंतराच्या साडेचारशे पटींहून जास्त आहे. दोन चित्रं ताडून खोली काढायची तर निसर्गाने कपाळाखाली दिलेला पाया किती आणि विमानाने दिलेला पाया किती, याचा हिशेब इतका एकतर्फी आहे की तो कोणी मांडला कसा नाही याचं नवल वाटतं.

तो मांडला गेला नाही याचं कारण त्याआधीच्या शतकात सापडतं. एका जागी उभं राहून दोन डोळ्यांनी पाहणं हेच खोलीचं खरं रहस्य, अशी समजूत विज्ञानात घट्ट झाली होती आणि तिच्यामागे एका खेळण्याची मोहिनी होती. चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1838 साली रॉयल सोसायटीपुढे स्टिरिओस्कोप मांडला. एकाच वस्तूची दोन सपाट रेखाटनं, प्रत्येक डोळ्याला एक अशी दाखवली की समोर भरीव वस्तू उभी राहते, हा शोध खरोखरच मोठा होता. त्यापूर्वीच्या दोन हजार वर्षांत दृष्टीवर लिहिणाऱ्या कोणालाही तो लागला नव्हता. लगोलग छायाचित्रण आलं, डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप बनवला आणि 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनानंतर हे उपकरण युरोप-अमेरिकेतल्या घराघरांतल्या दिवाणखान्यात जाऊन बसलं. खोली म्हणजे दोन डोळे, हे समीकरण प्रयोगशाळेत जितकं पक्कं झालं तितकंच लोकांच्या मनातही. गतीच्या बाजूने बोलणारे नव्हते असं नाही. फ्रान्समधल्या फिलिप द ला हीर यांनी 1694 मध्येच खोली ओळखण्याच्या साधनांत आपण हललो की वस्तू एकमेकींच्या तुलनेत सरकतात ही गोष्ट धरली होती. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी आपल्या दृष्टिविज्ञानाच्या ग्रंथात दाट अरण्याचं उदाहरण दिलं. माणूस स्तब्ध उभा असताना पानं-फांद्यांचा सगळा गुंता एकाच पडद्यावर रंगवल्यासारखा दिसतो. पण त्याने पाऊल उचललं की फांदीपासून फांदी सुटी होते, आणि ही उकल जणू स्टिरिओस्कोपमधून पाहावं तशी स्पष्ट असते. शेवटची तुलना लक्षात घेण्याजोगी आहे. गतीची थोरवी सांगतानाही हेल्महोल्ट्झ यांना प्रमाणपत्र घ्यावं लागलं ते स्टिरिओस्कोपचंच. 1902 मध्ये फ्रान्समधलेच बेंजामिन बूर्दों यांनी प्रयोगाने दाखवलं की अंधारात एका डोळ्याने पाहताना डोकं स्थिर असेल तर दोन दिव्यांपैकी जवळचा कोणता ते कळत नाही, डोकं हलवू दिलं की कळतं. पण हे सगळं ग्रंथांत राहिलं. विकायला ठेवता येईल असं कोणतंही खेळणं त्यातून निघालं नाही.

या काळातली एक विलक्षण गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. जर्मनीत येना इथे कार्ल त्साइस कंपनीत काम करणारे कार्ल पुल्फ्रिश हे दोन डोळ्यांच्या मोजमापाचे मोठे जाणकार. नकाशे आणि आकाशाची छायाचित्रं जोडीने पाहून फरक टिपणारी उपकरणं त्यांनी घडवली. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम असा की समोर सरळ रेषेत डुलणारा लंबक एका डोळ्यावर काळसर काच धरून पाहिला तर तो अंडाकृती फेऱ्यात फिरतो, जवळ येतो, लांब जातो असं भासतं. अंधारलेल्या डोळ्याकडून निरोप उशिरा पोचतो, त्यामुळे काळातला फरक खोलीचं रूप घेतो, असा त्याचा अर्थ. पुल्फ्रिश यांनी 1922 मध्ये त्यावर लिहिलं तेव्हा त्यांचा एक डोळा बरीच वर्षं निकामी होता. हा देखावा त्यांना स्वतःला कधीही दिसू शकला नसता. गती आणि खोली यांची गाठ किती आतवर बसलेली आहे याचा हा पुरावा आहेच, शिवाय या क्षेत्रात एकाक्ष माणसं वारंवार का भेटतात याचीही चुणूक त्यात मिळते.

ग्रंथांत जे पडून होतं ते वैमानिकांच्या धंद्यात मात्र रोजच्या सरावात होतं, फक्त त्याला कोणी सिद्धांत म्हणत नव्हतं. त्या काळातली बहुतेक विमानं शेपटीच्या चाकावर टेकणारी. उतरताना नाक वर उचललं की इंजिनाचा अवजड तोंडवळा थेट वैमानिकाच्या नजरेआड धावपट्टी लपवी. त्यामुळे शिकाऊ उमेदवाराला सांगितलं जाई की पुढे बघू नकोस, नाकाच्या बाजूने डावीकडे जमिनीकडे बघ. कुठे बघायचं याचंही माप ठरलेलं होतं. फार जवळ पाहिलं तर गवत नुसतं पुसट होऊन धावतं, फार लांब पाहिलं तर काही सरकतच नाही. मधला एक पट्टा असतो जिथे जमीन वाहतेही आणि तिचे कणही दिसतात. जमिनीपासून किती उंच आहोत हे त्या वाहण्याच्या वेगावरून कळतं. चार्ल्स लिंडबर्ग यांच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ विमानात तर इंधनाची मोठी टाकी वैमानिकाच्या पुढ्यातच बसवली होती. समोर काच नव्हती, होता तो एक छोटा पेरिस्कोप आणि दोन बाजूंच्या खिडक्या. 21 मे 1927 च्या रात्री, साडेतेहतीस तासांच्या उड्डाणानंतर, त्यांनी पॅरिसजवळ ल बुर्जे इथे ते विमान बाजूच्या खिडकीतून पाहत उतरवलं. स्थिर बसून समोरच्या काठ्या जुळवण्याच्या परीक्षेचा या कामाशी लांबचाच संबंध आहे.

आणि मग वायली पोस्ट. टेक्सासमध्ये जन्मलेल्या आणि ओक्लाहोमात वाढलेल्या या तरुणाचा डावा डोळा 1926 साली तेलविहिरीवरच्या अपघातात गेला. नुकसानभरपाईचे जे पैसे मिळाले त्यातून त्यांनी आपलं पहिलं विमान विकत घेतलं. अंतराचा अंदाज पुन्हा बसवण्यासाठी ते लांबच्या झाडाचं अंतर मनाशी ठरवत आणि मग पावलं मोजत तिथवर जाऊन पडताळून पाहत. परवाना मिळवायला त्यांना शेकडो तासांचं परीक्षाधीन उड्डाण करून दाखवावं लागलं. 1931 मध्ये हॅरल्ड गॅटी या दिशादर्शकाला बरोबर घेऊन त्यांनी ‘विनी मे’ नावाच्या विमानातून 8 दिवस 15 तास 51 मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. 1933 मध्ये तीच प्रदक्षिणा एकट्याने 7 दिवस 18 तास 49 मिनिटांत. त्यात किती वेळा, किती तऱ्हेच्या मैदानांवर त्यांना उतरावं लागलं असेल! हॉवर्ड यांच्या काठ्यांपुढे एक डोळा झाकलेल्या माणसाचं जे होत होतं, तेच पोस्ट यांचं झालं असतं. तरी विमान उतरत होतं.

एका माणसावरून नियम काढता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पोस्ट असामान्य होते आणि असामान्य माणूस कशाचीही भरपाई करू शकतो. म्हणून पुरावा इतरत्र पाहिला पाहिजे. 1969 मध्ये नासाच्या एका संशोधनात जेट विमानांच्या अनुभवी वैमानिकांचा एक डोळा ऐन उड्डाणात झाकून त्यांना उतरायला लावलं गेलं. पुढच्या काही वर्षांत मोजकेच तास उडालेल्या खासगी वैमानिकांवर तोच प्रयोग झाला. त्याला नाव दिलं होतं ‘सायक्लॉप्स’, ग्रीक पुराणातल्या एका डोळ्याच्या राक्षसाचं. वैमानिक जरा उंचावरून, जास्त तिरक्या वाटेने येत, म्हणजे मनात धास्ती होती. पण उतरणं बिघडलं नाही. इथे झाडांपर्यंत पावलं मोजायला कोणाला सवड दिलेली नव्हती. डोळा झाकला आणि काही मिनिटांत विमान टेकवलं.

शास्त्राने या धंद्याचं म्हणणं ऐकलं ते दुसऱ्या महायुद्धात, आणि गरजेपोटी. हजारो तरुणांना थोड्या महिन्यांत वैमानिक बनवायचं होतं. त्यांतले कोण टिकतील हे आधी सांगा, अशी मागणी मानसशास्त्रज्ञांकडे आली. ब्रिटनमध्ये ग्रिंडली यांनी 1942 मध्येच विमान उतरवताना जमिनीचं दृश्य कसं सरकतं यावर टिपण लिहिलं होतं. ते युद्धकाळातल्या अहवालांत राहिलं. अमेरिकेत हे काम जेम्स गिब्सन यांच्याकडे आलं. चित्रपटांच्या साह्याने वैमानिकांच्या चाचण्या घेणारं एक पथक ते हवाई दलात चालवत होते. त्यांचे वडील रेल्वेच्या सर्वेक्षणावर होते. गाडीच्या शेवटच्या डब्यातून पाहिलं तर सगळं जग मागच्या एका बिंदूत गोळा होत जातं आणि इंजिनातून पाहिलं तर समोरच्या एका बिंदूतून फुलत बाहेर पडतं, हे ते लहानपणीच टिपून बसले होते. युद्धात त्यांच्या ध्यानात आलं की खोली ओळखण्याच्या प्रचलित चाचण्यांतले गुण आणि उड्डाणातलं यश यांचा मेळच बसत नाही. त्यांचा निष्कर्ष असा की आपण पोकळीत लटकलेल्या दोन काठ्यांमधलं अंतर क्वचितच पाहतो. आपण पाहतो ती पायाखालून क्षितिजापर्यंत पसरलेली जमीन. तिचा पोत लांब जाताना दाट होत जातो आणि आपण निघालो की तीच जमीन वाहू लागते. ज्या बिंदूकडे विमान चाललं आहे तो बिंदू स्थिर राहतो आणि बाकीचं सगळं त्याच्यापासून बाहेर फाकतं. जवळचं झपाट्याने, लांबचं सावकाश. 1950 मधल्या त्यांच्या पुस्तकाने आणि 1955 मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर विमान उतरण्याचं गणित मांडणाऱ्या लेखाने हे म्हणणं रीतसर नोंदलं गेलं. एरवी प्रयोगशाळेतला शोध कारखान्यात जातो. इथे मैदानावरचा सराव वर्गात आला, तोही पाव शतक उशिरा.

या मांडणीवरचा सगळ्यात दमदार आक्षेप असा की वैमानिकाला गतीचीही गरज नाही. त्याला चित्र पुरतं. धावपट्टीचा आकार माहीत असतो, उतार चुकला की तिची चौकट उभट किंवा बसकी दिसते, घरं-झाडं लहानमोठी दिसतात. एका डोळ्याचा वैमानिक याच खुणांवर निभावून नेत असेल, गतीला श्रेय कशाला? याला दोन उत्तरं आहेत. पहिलं प्रयोगशाळेतलं. 1979 मध्ये ब्रायन रॉजर्स आणि मॉरीन ग्रॅहम यांनी पडद्यावर नुसते विस्कळित ठिपके दाखवले. एका डोळ्याने स्थिर पाहिलं तर त्या ठिपक्यांत ना आकार, ना खोली. पण पाहणाऱ्याचं डोकं डावी-उजवीकडे हललं की ठिपकेही त्याच्या हालचालीशी बांधल्यासारखे कमीजास्त सरकत, आणि सपाट पडद्यावर पन्हळी पत्र्यासारखे उंचवटे-खळगे उठून दिसत. तिथे चित्रातली कोणतीच खूण नव्हती. खोली आली ती केवळ गतीतून. त्याच्या वीस वर्षं आधी टोळावर झालेले प्रयोगही हेच सांगतात. उडी घेण्यापूर्वी टोळ डोकं डावी-उजवीकडे झुलवतो. त्याच्या झुलण्याबरोबर समोरचं लक्ष्यही गुपचूप हलवलं तर त्याची उडी चुकते. टोळाने धावपट्टीचा आकार पाठ केलेला नसतो.

दुसरं उत्तर अपघातांच्या नोंदीत आहे आणि ते जास्त बोलकं आहे. चित्रावरच भिस्त ठेवली तर काय होतं ते बोइंग कंपनीतले कॉनराड क्राफ्ट यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीला दाखवून दिलं. समोर दिव्यांनी उजळलेलं शहर आणि अलीकडे मिट्ट काळोख, मग तो समुद्राचा असो की माळाचा, असा रात्रीचा देखावा त्यांनी रचला आणि त्यावर अनुभवी वैमानिकांना उतरायला सांगितलं. बरेच जण हव्या त्यापेक्षा खाली आले, काही तर धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला भिडले असते. त्यांचा एकही डोळा अधू नव्हता, शहराचं चित्र समोर होतं. पायाखाली वाहणारी जमीन तेवढी नव्हती. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांच्या वैमानिकांना हे आधीपासून ठाऊक आहे. पाणी काचेसारखं निवांत असेल तर उंचीचा अंदाज पार बुडतो, म्हणून ते किनाऱ्याच्या कडेने उतरतात किंवा नजरेचा नाद सोडून ठरावीक सावकाश दराने विमान खाली येऊ देतात.

मात्र याच नोंदी माझ्या म्हणण्याला लगामही घालतात. 28 नोव्हेंबर 1979 रोजी एअर न्यूझीलंडचं विमान अंटार्क्टिकातल्या एरेबस पर्वतावर आदळलं आणि 257 माणसं गेली. मार्गाच्या आकड्यांत झालेला बदल वैमानिकांना कळवला गेला नव्हता, त्यामुळे विमान भलत्या दिशेने चाललं होतं. त्या दोषाबद्दल न्यूझीलंडमध्ये पुढे बराच वाद झाला. पण इथे विचार करायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. विमान ढगांच्या खाली होतं, हवा स्वच्छ होती, मग अख्खा पर्वत समोर असताना कॉकपिटमधल्या कोणालाच तो दिसला कसा नाही? वर पांढरे ढग, समोर पांढरा उतार, कुठे सावली नाही. अशा प्रकाशात चढ सपाट भासतो आणि जमीन-आकाश यांची रेघ पुसली जाते. दोन डोळे होते, वेगही भरपूर होता; ज्याच्यावर वेग उमटावा ते ठिपके नव्हते. गती स्वतः काही दाखवत नाही, ती जमिनीच्या पोतावर अवलंबून असते. गिब्सन यांनी पोत आणि प्रवाह यांना एकत्र बांधलं ते यासाठीच. त्यांच्या नंतरच्या काही उत्साही लेखकांनी प्रवाहालाच सर्वस्व ठरवलं, ते मला पटत नाही.

दुसरा आक्षेप गणिताचा आहे आणि तो तंतोतंत खरा आहे. सरकण्याच्या वेगावरून अंतर थेट निघत नाही. निघतं ते अंतर आणि आपला वेग यांचं गुणोत्तर. जमीन दुप्पट दूर असेल आणि आपण दुप्पट वेगाने जात असू तर डोळ्याला तेच दृश्य दिसतं. याची किंमत धंद्याने मोजलेलीही आहे. बोइंग 747 आलं तेव्हा त्याचं कॉकपिट दुसऱ्या मजल्यावर, आधीच्या जेट विमानांच्या साधारण दुप्पट उंचीवर गेलं. जमिनीवरून चालवताना वैमानिकांना वाटे की आपण रेंगाळतो आहोत, म्हणून ते नको इतक्या वेगाने विमान हाकत. पण उतरताना वैमानिकाला मीटर हवे असतात हे गृहीतच तपासायला हवं. नाक कधी उचलायचं हे ठरवायला त्याला हवा असतो वेळ, म्हणजे याच वेगाने जमीन किती क्षणांत येईल हे. डेव्हिड ली यांनी 1976 मध्ये दाखवलं की समोरच्या वस्तूची प्रतिमा किती झपाट्याने फुगते आहे यातून तो वेळ थेट मिळतो, अंतर किंवा वेग स्वतंत्रपणे ठाऊक नसला तरी. जे गुणोत्तर गणितज्ञाला अपुरं वाटतं तेच वैमानिकाच्या कामाचं आहे.

मग दोन डोळे निरुपयोगी का? अजिबात नाही, आणि इथे आपल्याकडचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आठवतं. मन्सूर अली खान पतौडी यांचा उजवा डोळा 1961 च्या जुलैत इंग्लंडमधल्या होव्ह इथे मोटार अपघातात जवळजवळ गेला. त्याच वर्षाच्या अखेरीला ते इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळले, नव्या वर्षाच्या जानेवारीत मद्रासला शतक ठोकलं आणि मार्चमध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी भारताचे कर्णधार झाले. पण जगमधून पेल्यात पाणी ओतताना ते टेबलावर सांडे, सिगारेट पेटवताना काडी बाजूला जाई, हेही त्यांनीच सांगून ठेवलं आहे. वेगवान चेंडू खेळता येतो आणि पाण्याचा पेला सापडत नाही, यात विरोधाभास वाटतो, तो नाही. हाताच्या अंतरावरच्या स्थिर वस्तूसाठी दोन डोळ्यांना तोड नाही. 6 मीटरवरच्या स्थिर काठ्या या त्याच राज्याच्या वेशीवर उभ्या होत्या, म्हणून हॉवर्ड यांना एका डोळ्याची एवढी गैरसोय दिसली. पतौडी यांची फलंदाजी पहिल्यासारखी राहिली असंही कोणी म्हणू नये. दोन्ही डोळ्यांनी ते किती मोठे झाले असते याची हळहळ क्रिकेट रसिकांत अजून आहे. मुद्दा एवढाच की डोळ्याच्या एका शक्तीची परीक्षा घेऊन दुसऱ्या शक्तीबद्दल निकाल देता येत नाही. 2008 मध्ये माकडांच्या मेंदूतल्या, गती टिपणाऱ्या भागात अशा पेशी सापडल्या की ज्या एका डोळ्याने पाहतानाही, केवळ सरकण्यावरून, वस्तू जवळ की लांब हे नोंदवतात. म्हणजे गतीतून येणारी खोली ही दोन डोळे नसलेल्यांची ओढूनताणून केलेली तडजोड नव्हे. तिला मेंदूत स्वतःची जागा आहे.

या वादावर या धंद्याने नकळत दिलेला निकाल मात्र सिम्युलेटरच्या खोलीत मिळतो. विमान कंपन्यांच्या आजच्या सिम्युलेटरमध्ये बाहेरचं दृश्य आरशांच्या साह्याने असं दाखवतात की ते फार लांब असल्यासारखं भासावं, आणि ते दोन्ही डोळ्यांना एकसारखंच दिसतं. दोन डोळ्यांच्या चित्रांतला फरक, ज्यावर हॉवर्ड-डॉलमन चाचणी उभी होती, त्या खोलीत मुळातच नसतो. तरीही अनुभवी वैमानिक नव्या जातीच्या विमानाचं सगळं प्रशिक्षण तिथेच घेतात आणि त्या विमानाचं पहिलं प्रत्यक्ष लँडिंग अनेकदा प्रवाशांनी भरलेल्या उड्डाणात करतात. सुरुवातीच्या सिम्युलेटरांत जमीन ओकीबोकी असे, बऱ्याचदा नुसते रात्रीचे दिवे. तिथे वैमानिक खऱ्या विमानापेक्षा जास्त आपटून उतरत. तक्रार आल्यावर अभियंत्यांनी दोन डोळ्यांसाठी वेगवेगळी चित्रं तयार केली नाहीत. त्यांनी धावपट्टीवर टायरचे काळे ओरखडे काढले, कडेला गवत पेरलं, शेतांना बांध घातले.